पर्शियन पिल्लू ब्रीडरकडून घेतलं, त्यानंतरचा अनुभव (पुणे)

जानेवारीत पर्शियन मांजराचं पिल्लू आणलं, आता गणपती पण होऊन गेले, म्हणजे थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं बघून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बोका आहे, क्रीम रंगाचा, नाव खरवस (सासूबाईंनी ठेवलंय, मी 'सिंबा'ला विरोध करत होते तेवढ्यात त्यांनी उरकून टाकलं). धायरीत फ्लॅट, चौथा मजला.

घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी आधीच सांगते, चेहरा बघून पैसे देऊ नका, पिल्लाची आई बघून द्या. बाकी सगळं नंतरचं.

शोधायला लागलात की पहिल्यांदा ही भाषा कळते: डॉल फेस (नाक नेहमीसारखं बाहेर), सेमी पंच, पंच, एक्स्ट्रीम पंच (चेहरा चपटा होत जातो). नाक जितकं आत तितका भाव वर. त्यात परत 'ट्रिपल कोट' म्हणून एक प्रकार सांगतात, अहो पर्शियनला मुळात दोनच थर असतात, वरचे लांब केस आणि आतली मऊ लोकर, तिसरा थर फक्त जाहिरातीत उगवतो. आम्ही डॉल फेसच घ्यायचं ठरवलं होतं कारण चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास होतो, डोळ्यांचं पाणी नीट वाहून जात नाही, जबड्यात दात दाटीवाटीने येतात, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा त्या नाकाने धापा टाकत बसलेलं मांजर बघायची माझी तयारी नव्हती.

तीन-चार ठिकाणी गेलो. एका ठिकाणी दार उघडताच मुताचा असा भपकारा आला की मुलगा बाहेरच थांबला, आत पिंजऱ्यावर पिंजरे, पिल्लांचे डोळे चिकटलेले, आणि आई दाखवा म्हटलं तर "ती दुसऱ्या फार्मवर आहे". पिल्लू किती दिवसांचं विचारलं तर पंचेचाळीस दिवस, आजच घेऊन जा, डिस्काउंट देतो. डिस्काउंट भाजीवर ठीक आहे हो. दीड महिन्याचं पिल्लू आई-भावंडांपासून तोडलं की चावायचं किती, नखं कधी आत घ्यायची हे त्याला कोणीच शिकवत नाही, मग ते शिक्षण तुमच्या हातावर होतं. बारा आठवडे आईजवळ असलेलं बरं.

शेवटी पिंपरी-चिंचवडकडच्या एका घरगुती ब्रीडरकडून घेतलं. बाईंच्या घरात मोजकी मांजरं, पिल्लं हॉलमध्ये मोकळी, मिक्सर चालू असतानाही निवांत. आई समोर येऊन मांडीवर बसली. त्यांनीच आम्हाला उलटे प्रश्न विचारले, घरी दिवसा कोण असतं, गॅलरीला जाळी आहे का, आधी मांजर होतं का. मुलीच्या घरच्यांनी स्थळ बघावं तसं. आवडलं मला ते.

ब्रीडरला एक गोष्ट विचाराच, ती म्हणजे पीकेडी. किडनीत पाण्याच्या गाठी होत राहतात, पर्शियनमध्ये हा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि आईबापांपैकी एकाकडे दोषी जीन असलं तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतं. गालातल्या स्वॅबवरून डीएनए टेस्ट होते, सोनोग्राफीतही दिसतं पण मांजर साधारण दहा महिन्यांचं झाल्यावर जास्त भरवशाचं. आमच्या बाईंनी दोन्ही पालकांचे रिपोर्ट काढून दाखवले. "अहो आमच्याकडे कधी काही झालं नाही" हे उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघा. आणि 'विथ पेपर' म्हणून जे जास्त पैसे मागतात ते पेपर वंशावळीचे असतात, तब्येतीचे नाहीत. आम्ही अठरा हजार दिले, त्यात जंतांचं औषध आणि ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) दोन डोस झालेले होते, लसीच्या पुस्तकावर स्टिकर आणि डॉक्टरांची सही बघून घेतली, रेबीजची लस आम्ही आणल्यावर दिली. ते सर्टिफिकेट जपून ठेवा, पुणे महापालिकेत मांजराची नोंदणी करायला लागतं, 2022 पासून मांजरांसाठीही लायसन्स आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

घरी आणल्यावर सगळं घर एकदम मोकळं करून देऊ नका. आम्ही बेडरूम दिली, त्यात लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) एका कोपऱ्यात, खाणं दुसऱ्या टोकाला, आणि ब्रीडरने दिलेला आईच्या वासाचा टॉवेल. पहिल्यांदा पलंगाखालीच होता. मुलाला सांगितलं जमिनीवर बसून अभ्यास कर, त्याच्याकडे बघू नकोस, मग तो आपण होऊन आला, वहीवरच. खाणं आणि लिटर (ट्रेमध्ये घालायचे दाणे) आधी ब्रीडरकडे होतं तेच ठेवलं, मग आठवड्याभरात थोडं थोडं नवीन मिसळत बदललं. सासूबाईंना दूध द्यायचं होतं, "अगं मांजर आहे ते, दूध नको कसं?" जुलाब होतात म्हटलं तरी पटेना, डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं. डॉक्टर पण चांगले मिळाले, मांजराला टेबलावर दाबून धरत नाहीत.

आता घरातलं फिनेल. हे मात्र लगेच बंद करा. आपल्याकडे फरशी पुसायला सर्रास वापरतात, त्यातले फिनॉल मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, आणि मांजर पंजे चाटतं म्हणजे फरशीच चाटतं. कामाच्या मावशींना दोनदा सांगून भागत नाही, बाटलीच घरातून काढली. तसंच कुत्र्यांच्या गोचिडांचे मानेवर टाकायचे थेंब, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला जीवघेणं. बुकेमधली लिली पण, नुसते परागकण अंगावर पडून चाटले तरी किडनी जाऊ शकते. वाढदिवसाला आलेला बुके मी थेट शेजारी देऊन टाकला.

गॅलरीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती, तिच्यावर विसंबू नका, खरवसने कोपरा कुरतडायला सुरुवात केल्यावर आम्ही स्टीलची जाळी बसवून घेतली. इनव्हिजिबल ग्रिलच्या (गॅलरीला लावतात त्या बारीक उभ्या तारांच्या) फटींमधून तर छोटं पिल्लू आरामात बाहेर जाईल.

केसांचं काय, असं सगळे विचारतात. रोज. रोज म्हणजे रोज. स्टीलचा कंगवा, काखेत, कानामागे आणि पोटाखाली, दोन दिवस सोडलं तर जटा, आणि त्या जटा कात्रीने कापू नका, खाली कातडी फार पातळ असते. मागच्या बाजूच्या केसांना शी चिकटते, कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते, तिथले केस ट्रिम करून घ्या. डोळे उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसायचे. उन्हाळ्यात ग्रूमिंगवाले 'लायन कट' (डोकं, शेपटीचं टोक सोडून अंगावरचे केस भादरणं) करा म्हणून मागे लागतात, आम्ही नाही केला, आतली लोकर विंचरून काढली, दुपारी एसी लावला, तो बहुतेक वेळ बाथरूमच्या फरशीवर पसरलेला असायचा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर मात्र पंख्याखाली ठेवून वाट बघू नका, थेट डॉक्टर.

पावसाळा जास्त वैतागाचा गेला. टोफू लिटर (सोयाबीनच्या चोथ्याचं) दमट हवेत लवकर वास मारतं, जुलैत बेंटोनाइटवर (मातीचं लिटर) आलो. कानाजवळ गोल चट्टा दिसला, केस गेलेले, रिंगवर्म (गजकर्ण) निघालं, पर्शियनमध्ये फार कॉमन आहे आणि माणसालाही होतं, मुलाच्या दंडावर आलंच. गोळ्या, मलम, चादरी गरम पाण्यात, दीड महिना तेच. नसबंदी त्याआधी सहाव्या महिन्यात करून घेतली होती, बोका असेल तर पुढे ढकलू नका, एकदा भिंतींवर लघवीचे फवारे मारायची सवय लागली की ऑपरेशन करूनही जाईलच असं नाही.

गणपतीत मिरवणुकीच्या दिवशी आतल्या खोलीत, खिडक्या बंद, कपाट उघडं ठेवलं लपायला. ढोल सुरू झाले की कपाटात, थांबले की ताटलीपाशी.

खर्च महिन्याला साडेतीन-चार हजार, डॉक्टर वेगळे. एवढं करायचं नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमधलं गावठी पिल्लू घ्या, विंचरायला लागत नाही आणि उन्हाळाही सोसतं, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

दिवाळीत आम्ही चार दिवस कोल्हापूरला जाणार आहोत. बोर्डिंगला ठेवायचा नाहीये, घरी येऊन बघणारं सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे भागात कोणी माहीत असेल तर सांगा. कंगवा फिरवता आला पाहिजे, बाकी अट नाही.