मेक्सिकन ट्रेन की साधा डोमिनो?
मे महिन्यात नागपुरात दुपारी कूलरसमोर सात-आठ जण जमले की साधा डोमिनो पुरत नाही. त्यात 28च सोंगट्या, चौघांपलीकडे नुसती ओढाताण. मेक्सिकन ट्रेन हा डोमिनोचाच एक प्रकार; त्याला डबल-बाराचा (सोंगटीच्या प्रत्येक अर्ध्यावर बारापर्यंत ठिपके) संच घ्या, 91 सोंगट्यांचा. मधल्या डबलपासून (दोन्ही अर्ध्यांवर सारखे ठिपके असलेली सोंगटी) प्रत्येकाची आपली गाडी, म्हणजे सोंगट्यांची रांग, निघते, शिवाय एक सगळ्यांना खुली. लावायला काही नसेल तर एक सोंगटी उचलायची. तीही बसली नाही तर आपल्या गाडीवर खूण ठेवायची, मग कोणीही तिला डबे जोडतो. खरी मजा (आणि भांडणं) इथेच! डबल टाकला की तो आधी झाकायचा, म्हणजे त्याला जुळणारी सोंगटी जोडायची. शेवटी सगळ्या डावांत ज्याच्या हाती उरलेल्या ठिपक्यांची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला. मात्र पूर्ण 13 डाव म्हणजे संध्याकाळ गेलीच. दोघंच असाल तर साधा डोमिनो काढा.