गणितमाळ घ्यावी का? आमच्या घरातला अनुभव

लेक साडेचार वर्षांची आहे, तिच्यासाठी गणितमाळ घेतली, दोनशेच्या आत मिळाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शंभर मणी, दहा लाल मग दहा पांढरे असे आलटून पालटून ओवलेले, बस एवढंच. बऱ्याच झेडपीच्या शाळांमध्ये वर्गात टांगलेली दिसते.

आमच्याकडे प्रॉब्लेम असा होता की शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची पण आठ चमचे आण म्हटलं की मूठभर आणायची, कारण बोट वेगळं पळायचं आणि तोंड वेगळं. माळेवर मणी हाताने सरकवावा लागतो ना, एक मणी एक आकडा, त्यामुळे आपोआप स्पीड कमी झाला आणि मोजणं खरंच मोजणं झालं. सुरुवातीला सात मणी मोजून झाल्यावर "किती झाले?" विचारलं की परत एकपासून मोजायची, तेव्हा टोकायचं नाही, मोजू द्यायचं. आता खुणेसाठी कपड्यांचा चिमटा तेराव्या मण्यापुढे दोरीला लावला तर लाल दहा न मोजता थेट "दहा, अकरा, बारा, तेरा" म्हणते आणि मला याचंच जास्त कौतुक आहे, कारण दहाचा गठ्ठा डोळ्याला कळायला लागलाय. आधी घेतलेल्या बटणवाल्या बोलक्या खेळण्यात हे काही झालंच नाही, बटण दाबलं की तेच आकडा बोलणार, मुलाला करायला काय उरतं?

सगळ्यात धमाल म्हणजे चौका-आष्ट्याच्या चार कवड्या घ्यायच्या, आजीचा एक चिमटा, लेकीचा एक, पडेल तेवढे मणी पुढे जायचं, चारही उपड्या पडल्या की आठ!! पन्नासला आधी पोचेल तो जिंकला. "आजी तू माझ्यापेक्षा किती पुढे आहेस गं" हे ती स्वतःहून मोजून बघते, वजाबाकी हा शब्दही न उच्चारता. पहिले बरेच दिवस वीसच मणी वापरा, बाकीचे कापडात गुंडाळून ठेवले तरी चालतात, शंभरची घाई अजिबात करू नका.

आता तक्रार. दोरी इतकी घट्ट बांधलेली होती की मणी सरकतच नव्हते, आणि एका पांढऱ्या गटात चक्क अकरा मणी निघाले! गणिताच्या वस्तूत असं कसं चालेल हो? पुन्हा ओवावी लागली. त्यामुळे दुकानातच मोजून घ्या आणि एक-दीड वीत दोरी मोकळी आहे ना बघा. तीनच्या आतलं मूल घरात असेल तर मणी तोंडात जायची भीती, शिवाय लांब दोरी गळ्यात अडकू शकते, म्हणून खेळ झाला की काढून वर ठेवायची.

विकतची नसेल घ्यायची तर तोरणाचं सामान मिळतं तिथून दोन रंगांचे पन्नास-पन्नास जाड मणी आणि नायलॉनची दोरी आणा, घरीच ओवा, आणि ओवताना दहा-दहा मोजून द्यायचं काम मुलांनाच द्या.