सीसी वाढवून घ्यायची की बिलं ट्रेड्सवर टाकायची?

भोसरी-चाकण पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदाराची अडचण ठरलेली: ऑर्डरी आहेत, पण खात्यात पैसा नाही. माल जाऊन दोन-दोन महिने झाले तरी पैसे येत नाहीत आणि पगार, १५ तारखेचा पीएफ, २० तारखेचा जीएसटी थांबत नाही. अशा वेळी बहुतेक जण सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणी यांच्या आधारावर लागेल तसं उचलता येणारं बँकेचं कर्ज) लिमिट वाढवून मागायला बँकेत जातात. दुसरा रस्ता ट्रेड्सचा: मोठ्या खरेदीदाराने स्वीकारलेली बिलं बँका बोली लावून विकत घेतात ते ऑनलाइन व्यासपीठ. माझं ठाम मत आहे की अर्ज करण्याआधी स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचं माल, देणी आणि येणी यांचं पत्रक) काढून बसावं, कारण उत्तर तिथेच सापडतं.

समजा, वार्षिक उलाढाल ४ कोटी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या सूत्राप्रमाणे उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे ८० लाखांचं लिमिट मिळालं. आता ड्रॉइंग पॉवर पाहू, म्हणजे त्या लिमिटमधून माल आणि येणी बघून बँक प्रत्यक्षात किती उचलू देते ते. माल ४० लाखांचा, त्यातले १५ लाख पुरवठादारांचं देणं. उरलेल्या २५ लाखांवर २५ टक्के मार्जिन (ज्यावर बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) कापलं की १८.७५ लाख. येणी ७० लाख, पण त्यातली १० लाख ९० दिवसांपेक्षा जुनी, ती बँक सहसा धरत नाही. ६० लाखांवर तेवढंच मार्जिन कापून ४५ लाख. एकूण ६३.७५ लाख. म्हणजे ८० लाखांचं लिमिट आत्ताच पूर्ण वापरता येत नाही. ते एक कोटी करून घेतलं तरी हाती एक रुपया जास्त येणार नाही. या कारखान्याने आधी ते जुने १० लाख वसूल करावेत. तो पैसा सगळाच्या सगळा नवा आहे.

ट्रेड्सवर २० लाखांची बिलं विकली तर? ती बिलं येण्यांतून वजा होतात, ड्रॉइंग पॉवर १५ लाखांनी उतरते. हातात नवे पडले जेमतेम ५ लाख, त्यातूनही व्याज कापून. तेच बिल दोन्हीकडे दाखवणं म्हणजे एकाच मालावर दोनदा कर्ज. तसं कधीही करू नये. सीसी देणाऱ्या बँकेला आधी सांगावं आणि तिची ना-हरकत घ्यावी.

चित्र उलटं असेल, धंदा वाढून ड्रॉइंग पॉवर एक कोटीवर गेली असेल आणि लिमिट ८० लाखांवरच अडकलं असेल, तर मात्र ट्रेड्स उत्तम. २० लाखांची बिलं विकूनही ड्रॉइंग पॉवर ८५ लाख राहते, म्हणजे जवळजवळ सगळे २० लाख नवे. वाढीव लिमिटसाठी तारण, प्रोसेसिंग फी, मंजुरीची वाट, यातलं काही नाही.

व्याजाचा फरकही मोठा. सीसीचा दर तुमची पत बघून ठरतो, ट्रेड्सवर बोली लागते ती खरेदीदाराची पत बघून. सीसी ११ टक्क्यांनी आणि बोली ८ टक्क्यांनी धरली, तर १० लाखांच्या ६० दिवसांच्या बिलावर १८,०८२ ऐवजी १३,१५१ रुपये. शिवाय खरेदीदाराने पैसे बुडवले तरी वित्तपुरवठादार तुमच्याकडे वसुलीला येत नाही. सीसीत ती जोखीम तुमचीच.

ट्रेड्सची खरी अडचण खरेदीदाराकडे आहे. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, पण नोंदणी केली म्हणून बिल लगेच स्वीकारतीलच असं नाही. जीआरएन (माल मिळाल्याची खरेदीदाराची पोच) रखडला, रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाची रक्कम कापणारी चिठ्ठी) लागली, की बिल तिथेच अडकतं. आणि बिल तयार होण्याआधीचा खर्च, म्हणजे स्टील, हत्यारं, मजुरी, ट्रेड्स भागवत नाही. तिथे सीसीच लागते. किरकोळ गिऱ्हाइकांना विकणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाही.

ट्रेड्सवर जायचं ठरलं तर परचेसच्या माणसाशी न बोलता थेट अकाउंट्सला दोन गोष्टी लेखी विचारा: जीआरएननंतर किती दिवसांत बिल स्वीकारता, आणि व्याज कोण भरणार? सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यापुढच्या मुदतीचं व्याज तुमच्या माथी मारत असतील, तर नकार द्यायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.