पॅन्टोप्राझोल: चार महिने चुकीच्या वेळी, दीड महिना बरोबर वेळी

वारज्याच्या पुलापाशी पावणेसहाला चाकणची कंपनीची बस येते. त्याआधी माझा उपाशीपोटी चहा ठरलेला. पोटात आग पडायला लागली तेव्हा घरात सगळ्यांनी त्या चहाला आणि रविवारच्या मिसळीला दोष दिला. कंबरदुखीसाठी मी वर्षभर जवळजवळ रोज डायक्लोफिनॅक घेत होतो, ते कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

फेब्रुवारीत मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल ४० ही ॲसिड कमी करणारी गोळी आणली. डबा खाल्ल्यावर घ्यायचो, जळजळ वाढली की रात्री घ्यायचो, कधी बरं वाटलं तर अर्धी तोडून. चार महिने गेले. रात्री अडीचला दुखून जाग यायची, दोन बिस्किटं खाल्ली की दुखणं थांबायचं. उपाशीपोटी उठणारं आणि खाल्ल्यावर शमणारं दुखणं लहान आतड्याच्या सुरुवातीला झालेल्या अल्सरचं असू शकतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तेही जूनमध्ये.

त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘गोळी कधी घेता?’’ मी म्हटलं, त्रास झाला की. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराच्या अस्तरात ॲसिड बाहेर टाकणारे पंप असतात. ही गोळी तयार झालेल्या ॲसिडला हात लावत नाही, ती पंपच बंद पाडते. पण चालू असलेलाच पंप तिला धरता येतो, आणि पंप जोरात चालू होतात ते खाल्ल्यावर. औषध रक्तात काही तासच राहतं. म्हणून नाश्त्याआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यायची, म्हणजे पंप सुरू होताना औषध हजर असतं. बंद पडलेला पंप पुन्हा चालत नाही, शरीराला नवे बनवावे लागतात, त्यामुळे रक्तातून औषध गेलं तरी परिणाम टिकतो. पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. आणि गोळीवरचं आवरण तिला जठरातल्या ॲसिडपासून वाचवण्यासाठीच असतं, म्हणजे मी तोडून घेतलेल्या अर्ध्या गोळ्या बऱ्याचशा वायाच गेल्या होत्या.

एंडोस्कोपीआधी दोन आठवडे गोळी बंद, कारण अल्सर बऱ्याचदा एका जंतूमुळे होतो, आणि गोळी चालू असली तर तो तपासणीत लपू शकतो. ते दिवस फक्त अँटॅसिडच्या गुलाबी बाटलीवर काढले. ते लगेच थंडावा देतं, पण तासाभरात पुन्हा तेच. एंडोस्कोपीत व्रण दिसला. अस्तराचा बारीक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला, तो गुलाबी झाला. म्हणजे जंतू होता: एच. पायलोरी.

माझ्या आजोबांचं १९७४ साली अल्सरचं ऑपरेशन झालं होतं. ‘फार काळजी करायचे म्हणून झालं,’ असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू वाढवून दाखवला तो १९८२ मध्ये. लोकांना पटेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्यायला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आजोबांना दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरं वाटलं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा कोर्स १४ दिवसांचा होता: ॲमॉक्सिसिलिन १ ग्रॅम, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० ही दोन अँटिबायोटिक्स आणि पॅन्टोप्राझोल ४०, तिन्ही दिवसातून दोनदा. तोंडाला सतत कडू, लोखंडासारखी चव. भाकरीसुद्धा कडू लागायची. चौथ्या दिवसापासून पोटही ढिलं झालं. तरी एकही डोस चुकवला नाही, कारण अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देत नाहीत. नाइट शिफ्टला मोबाइलचा गजर लावून घेतल्या. दहाव्या दिवशी पहिल्यांदा सलग झोप लागली.

नंतर महिनाभर नुसती पॅन्टोप्राझोल, नाश्त्याआधी. मग ती बंद केली आणि आठवडाभर जळजळ पुन्हा वर आली. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, दाबलेलं ॲसिड काही दिवस उसळी मारतं, त्याला आजार समजून गोळी पुन्हा सुरू करू नका. बरेच जण इथेच अडकतात आणि वर्षानुवर्षं घेत राहतात. दोन आठवड्यांनी श्वासाची चाचणी झाली. जंतू नाही.

डायक्लोफिनॅक कायमची बंद. ती पोटाचं संरक्षण करणारा चिकट थरच कमी करते. कंबरेला आता फिजिओथेरपी, फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. मिसळ खातो, काही होत नाही. तुम्हाला शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर मेडिकलच्या काउंटरवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

आई अँजिओप्लास्टीनंतर रोज ॲस्पिरिन घेते, म्हणून तिलाही हीच गोळी लिहून दिलेली आहे. तिला ती चालूच ठेवायची आहे, मी तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. पण तीही दोन्ही गोळ्या नाश्त्यानंतर एकत्र घ्यायची. आता तिची पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप देवघराच्या कोनाड्यात असते. सकाळी दिवा लावला की गोळी, मग पूजा, मग पोहे.