गळका लेव्हलिंग जॅक: जुन्यालाच सील घालायचं की नवा सिलिंडर बसवायचा?

मोटरहोम उभी असताना सपाट धरणाऱ्या चार हायड्रॉलिक जॅकपैकी एक गळायला लागला की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला: "काढून टाका, ट्रॉलीसारखा नवा सिलिंडर करून घ्या." सल्ला अगदीच वावगा नाही. डंपिंग ट्रॉल्यांमुळं जॅक बनवणारे आणि उघडणारे हात इथं भरपूर आहेत. उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग आणि सीलचं दुकान एका फेरीत होतं. त्यामुळं गाडीवरची सिस्टीम बाहेरून आलेली असली तरी आपल्यापुढं दोन पर्याय खरोखर उभे राहतात. मूळ कंपनीचा अख्खा जॅक मागवणं हा तिसरा, पण तो पैशाचा आणि वाट बघण्याचा प्रश्न आहे. त्यात तुलना करण्यासारखं फार काही नाही.

ठरवण्याआधी गळती सिलिंडरचीच आहे ना, एवढं बघा. जॅक आणि फिटिंग कोरडं पुसून वर खडूची पूड मारा, जॅक टेकवून अर्धा तास थांबा. ग्लँडमधून (रॉड बाहेर येतो त्या तोंडावरच्या झाकणातून) रॉडभोवती ओल धरून खाली पायापर्यंत उतरत असेल तर रॉड सील गेलं. ओघळ वरून, होजच्या (तेलाच्या नळीच्या) तोंडाकडून येत असेल तर काम कदाचित दोन पान्यांचंच आहे. दाबाखालच्या होजवरून बोट मात्र फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. २०० बारच्या आसपासचं तेल सुईएवढ्या भोकातून कातडीत घुसतं. बाहेर थेंबही न पडता जॅक रात्रीतून खाली बसत असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा असतो, सिलिंडर निर्दोष असतो. आणि पन्हाळ्यावरच्या गार रात्रीनंतर दोन-तीन मिलिमीटर फरक दिसला तर ते तेल आकसल्यामुळं. त्याला गळती म्हणू नये.

सील घालायचं ठरलं तर खरा प्रश्न सीलचा नसतो, रॉडचा असतो. लेव्हलिंग जॅकचा रॉड खालच्या बाजूला, चाकानं उडवलेल्या चिखलात. आंबोली-पन्हाळ्याकडची जांभ्याची लाल माती वाळली की पॉलिश पेपरासारखी घासते, वायपर (रॉडवरची माती पुसणारी बाहेरची कड) झिजतो, मग क्रोमवर ओरखडा, मग सीलची कड कापली जाते. रॉडवर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नुसतं नवं सील महिन्या-दोन महिन्यांत परत गळणार, हे धरून चाला. बारीक कंगोरा असेल तर तो तेलाच्या दगडानं मारता येतो. गंजाचे खड्डे असतील तर जुनं क्रोम उतरवून नवं हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग. घासून झाल्यावर वर किमान २० मायक्रॉनचा थर राहिला पाहिजे, हे काम देतानाच सांगा.

इथं एक सोय आहे. या जॅकचे रॉड पुष्कळदा इंचाच्या मापात असतात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर. नाहीतरी ग्राइंडिंग होणारच आहे, तर शेवटचं माप ३८ मिलिमीटर, एफ-७ (ग्राइंडिंगवाल्याला कळणारा ठरलेला सैलपणा) मध्ये घ्या, म्हणजे २५ ते ५० मायक्रॉन कमी. ग्लँडची खाच लेथवर त्याला जुळवून घेतली की सील इथल्या दुकानात मिळतं. माप मात्र खाचेचं द्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. काढलेलं जुनं सील काउंटरवर ठेवून "असंच द्या" म्हणणारे फसतात, कारण ते फुगलेलं किंवा झिजलेलं असतं.

बसवताना यू सीलचं तोंड तेलाच्या बाजूला, वायपरची कड बाहेर. ओ रिंगमागं बॅकअप रिंग असेल तर ती दाबाच्या उलट्या बाजूला. पॉलियुरेथेनचं सील कोमट तेलात मऊ करून काजूसारखं दुमडा आणि हातानं सोडा. स्क्रू ड्रायव्हर लावला की कडेला चीर गेलीच. रॉडच्या आट्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळूनच सील वरून न्या. हे सगळं करताना गाडीचं वजन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवं, उरलेल्या तीन जॅकवर नको, हे जाणत्यांना सांगायला नको. पण घाईत जाणतेच विसरतात.

नव्या सिलिंडरच्या बाजूनं बोलायचं तर बोअर (सिलिंडरची आतली नळी) नवा, रॉड नवा, सील मेट्रिक. पुढं कधी गळला तर गारगोटीतही उघडता येईल. ही बाजू हलकी नाही. पण ट्रॉलीचा जॅक आणि हा जॅक यांच्या कामात फरक आहे. ट्रॉलीचं वजनच तिचा सिलिंडर खाली बसवतं. लेव्हलिंग जॅकचं पाऊल जमीन सुटल्यावर अधांतरी लटकतं, ते वर ओढायला स्प्रिंग लागतात. त्यांचे हूक वेल्ड करायचे तर जुन्याच अंतरावर करावे लागतात, नाहीतर पाऊल अर्धवट वर येतं आणि पहिल्या गतिरोधकाला लागतं. बोअरचंही तसंच. "५० मिलिमीटरचा कशाला, ६३ चाच घ्या, ताकद वाढेल" असं कुणी म्हणालं तर हिशेब करा: ४०० मिलिमीटर स्ट्रोकला (रॉडच्या सरकीला) ५० च्या बोअरला पाऊण लिटरच्या थोडं वर तेल लागतं, ६३ ला सव्वा लिटर. टाकीत तेवढं जास्तीचं तेल नसतं. शिवाय तो एक जॅक बाकीच्या तिघांपेक्षा सावकाश उतरतो आणि ऑटो लेव्हलिंगचा कंट्रोलर गोंधळतो.

हेही सगळं जमवून घेता येतं. माझं मन वळलं ते आट्यांवरून.

इथल्या सिलिंडरचं पोर्ट (होज लागते ते तोंड) बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपआट्यांचं. बाहेरच्या सिस्टीमची होज बहुधा जेआयसी या अमेरिकन मापाची: ७/१६ इंच, इंचाला २० आटे, ३७ अंशांचा कोन. दोन्हींमध्ये अ‍ॅडॉप्टर आलाच. योग्य अ‍ॅडॉप्टर आणि खाली बाँडेड (आत रबर चिकटवलेला) वॉशर मिळाला तर तक्रार नाही. पण हाताशी असतं ते एनपीटी, म्हणजे अमेरिकन निमुळत्या पाइपआट्यांचं, आणि पाव इंची एनपीटी व बीएसपी हे फसवं जोडपं आहे: एकाला इंचाला १८ आटे, दुसऱ्याला १९. सुरुवातीचे आटे गोडीत जातात, मग घट्ट लागतं, फिटरला वाटतं बसलं. झिरपायला लागलं की टेफ्लॉन टेपचे आणखी चार वेढे. त्या टेपचा एक धागा सुटून व्हॉल्व्हच्या सीटवर जातो आणि जो जॅक आधी बाहेर गळत होता तो आता आतून बसायला लागतो. गळती गेली म्हणावी तर गाडी सकाळी तिरकी! जुना जॅक उघडून सील केला तर पोर्टला कुणी हातच लावत नाही. होज होती तशी परत लागते. क्रोमसह सील केलेल्या जॅकनं माझ्याकडं दोन पावसाळे काढलेत, पाऊल कोरडं आहे. एवढ्यावरून सगळ्यांचं तसंच होईल असं म्हणता येत नाही, तरी कल सांगायचा तर तो जुन्या जॅककडंच आहे.

रॉड वाकला असेल, किंवा बोअरमध्ये उभ्या रेघा खोल गेल्या असतील, तर मात्र नव्याला पर्याय नाही असं समजा. मग जुना जॅक समोर ठेवून बंद लांबी, स्ट्रोक आणि ब्रॅकेटची भोकं त्याच्यावरूनच घ्या, आणि पोर्ट बीएसपी न करता जुन्या मापाचंच पाडून मागा. लेथवाला कुरकुरेल, पण करून देईल.

तेल दोन्हीकडं तेच, जे सिस्टीमवर लिहिलंय ते. बऱ्याच गाड्यांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं. ट्रॉलीत घालतात ते ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल त्यावर ओतू नका. ब्रेक ऑइल तर नकोच, नायट्राइलची रबरं फुगून सगळे जॅक एकदम गळतील. जोडून झाल्यावर चारी जॅक तीन-चार वेळा पूर्ण खाली-वर करा, मध्ये पंधरा-वीस मिनिटं फेस बसू द्या. टाकीची पातळी चारी जॅक वर असतानाच बघा. खाली असताना काठोकाठ भरली तर जॅक वर येताना तेल ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) बाहेर पडतं, आणि गाडीखालचा तो लाल डाग बघून नुकताच बसवलेला ग्लँड लोक परत सोडायला घेतात.