हेल्मेट नव्हतं म्हणून घाबरवलं आणि 30,500 रुपये लुबाडले

22 जूनला सकाळी पुण्यात वारज्याच्या पुलाजवळ यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, दुचाकीला टेम्पोने मागून ठोकलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला. डोक्याला साधं खरचटलंही नव्हतं. हेल्मेट मात्र घरी खुंटीवर. दूध आणायलाच तर निघाले होते.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीपाशी एक माणूस भेटला. "वहिनी, साहेबांनी हेल्मेट घातलं नव्हतं ना? मग क्लेम शून्य. उलट तुमच्यावरच केस होईल." यांचं नाव, वॉर्ड, टेम्पोचा नंबर, सगळं त्याला आधीच ठाऊक! कुणी सांगितलं असेल, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि त्या क्षणी माझ्या हातात एक्स-रे होता. मांडीचा. हेल्मेटचा आणि मांडीचा संबंध काय, हा एक प्रश्न मी विचारला असता तर तो तिथेच अडखळला असता. नाही विचारला. दोन रात्री झोप नव्हती, सासूबाई फोनवर रडत होत्या, आणि हेल्मेट न घातल्याची लाज मनात होतीच. त्याने नेमकी तीच पकडली.

क्लेमची फाईल करून देतो म्हणाला, त्याचे 12,000 रोख दिले. मग "पंचनाम्यात हेल्मेट लिहून घेतो" म्हणून 18,500 यूपीआयने. चूक होती, मान्य आहे. पण नवऱ्याच्या उपचाराची बिलं समोर असताना कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, दोन कोऱ्या कागदांवर यांच्या सह्या, सगळं त्याच्याकडे. ऑगस्टपासून फोन बंद.

नंतर वकिलांकडून कळलं. हेल्मेट नसल्याचा दंड 1,000 रुपये, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 194ड. भरपाईचा दावा वेगळा असतो, तो टेम्पोच्या विमा कंपनीकडून मिळवायचा. डोक्याला मार लागला असता तर हेल्मेटवरून रक्कम कमी करण्याचा वाद घालता आला असता. पण नुसता नियम मोडला म्हणून दोष अंगावर येत नाही, त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात म्हटलंय.

पोलिसांचं काय सांगू! हॉस्पिटलजवळच्या चौकीत म्हणाले, राहता तिथे जा. तिथे गेले तर, घटना तिकडची, तिकडेच द्या. सायबरवाल्यांनी सांगितलं, तुम्ही स्वतःहून पाठवलेत, फसवणूक कशी? चार चकरा, प्रत्येक वेळी दोन तास बाकावर. एकाने तर "शिकलेल्या दिसता" म्हणून हसून दाखवलं. हद्द कुठलीही असो, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर नोंदवावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. हे मला माहीत झालं तेव्हा चौथी चक्कर होती.

कोऱ्या कागदावर सही देऊ नका. मूळ बिल हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. हॉस्पिटलात येऊन क्लेमचं बोलणारा माणूस तुमचा नाही. शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. मी आधी तिथे गेले असते तर!

कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने, म्हणजे आमची 22 डिसेंबर. बिलांच्या दुय्यम प्रतींसाठी हॉस्पिटलात अर्ज दिलाय, अजून शिक्का मिळालेला नाही. सोमवारी पुन्हा जायचंय.