वीझरचा मोरपंखी अल्बम : आठ महिने ऐकल्यावर

सांगली-मिरज सिटी बसमध्ये जाता-येता रोज ऐकलाय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो. वीझर हा अमेरिकन बँड, अल्बम २०१९ चा, माझ्या हाती उशिरा लागला. नावही 'वीझर'च. यांच्या अशा अल्बमना लोक वेष्टनाच्या रंगावरून ओळखतात. हा 'टील', म्हणजे आपला मोरपंखी. दहा गाणी, दहाही दुसऱ्यांची.

सुरुवात थट्टेतून झाली. ओहायोतल्या एका शाळकरी मुलीने ट्विटरवर वीझरमागे लकडा लावला, की टोटो या बँडचं 'आफ्रिका' म्हणाच. २०१८ मध्ये यांनी ते म्हटलं आणि तुफान चाललं. टोटोनेही मग यांचं 'हॅश पाइप' वाजवून फिट्टंफाट केली.

पहिला महिना मी खुळाच झालो होतो. दुसऱ्या महिन्यात मूळ गाणी शेजारी लावून बघितली आणि तिथंच घोळ झाला. 'टेक ऑन मी'ची कीबोर्डची धून, 'बिली जीन'चा बेस, सगळं जसंच्या तसं! गिटार थोडी जाड, बस्स. लहानपणी गणपतीत आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा यायचा. त्यातला एकजण हुबेहूब किशोरकुमार काढायचा. वन्समोअर मिळायचा, पण दुसऱ्या दिवशी घरात लागायची ती मूळ कॅसेटच.

सांगली पडली नाट्यपंढरी. एकच नाट्यपद पाच जणांकडून पाच तऱ्हांनी ऐकत वाढलोय. नुसती नक्कल आली की आजोबा पानाचा डबा उघडून बसायचे. निर्वाणा या बँडने १९९३ च्या 'अनप्लग्ड' या टीव्हीवरच्या मैफलीत डेव्हिड बोवी या गायकाचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' म्हटलं, ते कित्येकांना निर्वाणाचंच वाटतं. वीझरला इथं ते जमलेलं नाही. त्यांना तसं करायचंच नसेल, तेही खरं.

अपवाद दोन. ब्लॅक सबाथ या बँडचं 'पॅरानॉइड' वीझरचा नेहमीचा गायक रिव्हर्स क्वोमोऐवजी गिटारवाला ब्रायन बेल गातो, तेवढ्यानंच कान टवकारतात. आणि 'नो स्क्रब्ज'! टीएलसी या गटातल्या बायकांनी फुकट्या पोरांना झापलेलं गाणं हा चाळिशी उलटलेला चष्मेवाला क्वोमो अगदी सरळ चेहऱ्यानं गातो. ते मात्र लय भारी.

आता विश्रामबाग आलं की 'नो स्क्रब्ज' लावतो, मिरजेपर्यंत दोन-तीनदा होतं. 'पॅरानॉइड' परतीला. बाकीची आठ फोनमधून काढून टाकली होती; 'आफ्रिका' बायकोने परत टाकायला लावलंय.